पानात वाढले, बिलात वाढले

वहिनींना बोट लागली आहे, असे दादाने मला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितले. मी ते खरे धरले. आम्ही मूळचे देवगडकडचे. बोट लागणे म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. सुंठ चघळायला सांगून मी आणि माझी पत्नी नाश्त्याला गेलो. दुपारी वहिनींना जेवण नको होते, आणि त्यांना सोबत म्हणून दादालाही नको होते. रात्रीही तेच. सिंगापूरहून पेनांगकडे निघालेले आमचे जहाज चांगले बारा-तेरा मजल्यांचे होते आणि मलाक्काची सामुद्रधुनी त्या दिवशी गावच्या तळ्यासारखी निवांत होती. टेबलावरच्या पेल्यातले पाणीसुद्धा हलत नव्हते. अशा समुद्रात बोट लागेल कशी, हा साधा प्रश्न मला तिसऱ्या दिवसापर्यंत पडला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या केबिनचे दार वाजवले. पलंगावर वर्तमानपत्र अंथरलेले, त्यावर पोह्यांचा चिवडा, दोन रव्याचे लाडू आणि सुक्या खोबऱ्याच्या चटणीची डबी. वहिनी अगदी ठणठणीत होत्या. मला पाहताच त्यांनी पदराने डबी झाकल्यासारखे केले.

"हे काय, वहिनी?"

"काही नाही, भाऊजी. तोंडाला चव नव्हती, म्हणून जरा..."

दादा मात्र सरळ माणूस. तो म्हणाला, "परवा रात्रीचा तो कागद बघितला मी. माणशी पस्तीस डॉलर! चौघांचे एकशेचाळीस झाले. तू काही न बोलता सही केलीस. रोज तीन वेळा असं जेवलो, तर तुझ्या डोक्यावर केवढं होईल? त्यापेक्षा हिचा चिवडा काय वाईट आहे?"

दादा एस.टी.त वाहक होता. बत्तीस वर्षे त्याने लोकांना तिकिटे फाडून दिली. तिकिटावर छापलेले तेवढे पैसे घ्यायचे आणि तेवढ्यात माणसाला मुक्कामी पोचवायचे, हा त्याचा आयुष्यभराचा हिशेब. या सहलीसाठी त्याने आपल्या दोघांचा वाटा पै न् पै मला आधीच दिला होता. आणि तिकिटातच ज्याचे पैसे भरले होते, ते तिन्ही वेळचे जेवण खालच्या भोजनगृहात वाट पाहत असताना, ही दोन माणसे बंद केबिनमध्ये दीड दिवस चिवड्यावर राहिली होती. मी त्यांना ते सांगितले, तेव्हा दादाने एकच प्रश्न विचारला. "मग परवा सही कशाला केलीस?"

त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता हा लेख झाला.

चूक माझीच होती. पहिल्या संध्याकाळी केबिनमध्ये एक सुरेख छापलेले कार्ड आले होते. अमुक नावाच्या उपाहारगृहात आज आपले स्वागत आहे, असा त्याचा सूर. जाहिरातीत तर 'जेवणखाणासह' असे ठळक छापलेले होते. मला वाटले, हेच ते जेवणखाण. आम्ही चौघे ठेवणीतले कपडे करून गेलो. जेवण उत्तम झाले. शेवटी एक कागद पुढे आला, त्यावर खोलीचा क्रमांक होता, मी सही केली. आकडा मी नंतर वाचला, दादाने माझ्या आधी वाचला होता.

समुद्रावरच्या जेवणाची ही भीती नवी नाही. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास गांधी नावाचा अठरा वर्षांचा तरुण मुंबईहून 'क्लाइड' बोटीने विलायतेला निघाला. त्याच्या भाड्यात जेवण होतेच. पण काट्याचमच्याने खाण्याची सवय नाही, इंग्रजी बोलायचा संकोच, आणि यातले मांसाशिवायचे पदार्थ कोणते, हे विचारण्याचे धैर्य नाही. म्हणून तो भोजनगृहात न जाता केबिनमध्येच जेवायचा, तेही मुख्यतः घरून नेलेली मिठाई आणि फळे. हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. पुढे ज्या माणसाने सबंध साम्राज्याला प्रश्न विचारले, त्याला त्या बोटीवर ताटात काय आहे एवढे विचारता आले नाही. मग आमच्या वहिनींची काय कथा? फरक इतकाच, की त्या तरुणाला पदार्थ कशाचा आहे याची भीती होती, आमच्या माणसांना तो केवढ्याचा आहे याची.

आमच्या लहानपणी बोटीवर ही भानगड नव्हती. मुंबई-गोवा बोटीने आम्ही मे महिन्यात गावी जायचो. भाऊच्या धक्क्यावर वळकट्या, ट्रंका, रडणारी पोरे यांची झुंबड उडायची. खालच्या डेकवर चादर अंथरून जो जागा धरील त्याची ती जागा. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड अशी बंदरे घेत बोट जायची आणि किनाऱ्यावरून पडाव येऊन माणसे उतरवून न्यायचे. बोटीवर चहाफराळाची सोय असे, पण ती पैसेवाल्यांची. बाकी सगळ्यांच्या मांडीवर शिदोरी. दशम्या, लसणाची चटणी, बेसनाचे लाडू. अंधार पडला की डबे उघडत आणि शेजारच्या अनोळखी कुटुंबाशी देवाणघेवाण सुरू होई. तिकिटात जेवण नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होते. जे नाही ते नाही, यात एक प्रकारचे सुख असते. पंचाईत होते ती, जे आहे आणि नाही त्याची.

आजच्या क्रूझवरचे जेवण नेमके तसे आहे. म्हणून ते एकदा नीट समजावून घेऊ.

बहुतेक मोठ्या जहाजांवर खाण्याच्या तीन तऱ्हा असतात. पहिली म्हणजे मुख्य भोजनगृह. टेबलावर पांढरी चादर, हातात पदार्थांची यादी, वाढायला माणूस. इथले जेवण तिकिटात असते. फक्त यादीतल्या एखाद्या खास पदार्थापुढे डॉलरचा आकडा छापलेला असला, तर तो जादा. दुसरी तऱ्हा बुफेची. सकाळपासून रात्री उशिरापर्यंत बहुतेक वेळ तिथे काही ना काही मांडलेले असते. हेही तिकिटात. साधे पाणी, चहा, यंत्रातली कॉफी बहुधा इथेच फुकट मिळते. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर भारतीय प्रवासी इतके असतात, की वरण-भात, पराठे आणि सांगून ठेवले तर जैन जेवणसुद्धा मिळते. तिसरी तऱ्हा म्हणजे खास उपाहारगृहे : इटालियन, जपानी, भाजलेल्या मांसाची वगैरे. इथे बसण्याचेच माणशी वेगळे पैसे पडतात. याला कव्हर चार्ज म्हणतात. तो जहाजाप्रमाणे बदलतो, पण माणशी तीस ते साठ डॉलर ही सर्रास आढळणारी रक्कम आहे. आम्हाला फसवून गेली ती ही तिसरी तऱ्हा.

याशिवाय पेये. बाटलीबंद पाणी, सोडा, शीतपेये, फेसाची कॉफी, मद्य, या सगळ्याचे पैसे वेगळे, आणि त्या प्रत्येकावर अठरा-वीस टक्के सेवा आकार. रोजच्या ठरावीक रकमेत हवे तेवढे प्या, अशी पॅकेजेही असतात. पण अनेक कंपन्यांचा नियम असा, की एका केबिनमधल्या एका प्रौढाने मद्याचे पॅकेज घेतले, तर दुसऱ्यानेही घेतलेच पाहिजे. नवऱ्याच्या दोन पेल्यांसाठी बायकोच्या लिंबूसरबतावरही तेवढाच आकार. केबिनमध्ये जेवण मागवणे पूर्वी बहुतेक जहाजांवर फुकट असे. २०१५ ते २०१७ च्या सुमारास मोठ्या अमेरिकी कंपन्यांनी त्यालाही पैसे लावायला सुरुवात केली. आणि शेवटी टिप. ती आता ऐच्छिक राहिलेली नाही. माणशी रोज साधारण सोळा ते वीस डॉलर आपोआप बिलात चढतात. लहान मुलांनाही बहुधा तेवढीच.

आमच्या चार रात्रींचा हिशेब देतो. टिप माणशी रोज सोळा डॉलर, म्हणजे चौघांचे दोनशे छप्पन्न. पहिल्या रात्रीचे ते जेवण एकशेचाळीस. केबिनच्या टेबलावर मांडून ठेवलेल्या पाण्याच्या चार बाटल्या, ज्या आम्ही पाहुणचार समजून उघडल्या, त्यांचे सोळा. माझ्या पत्नीच्या आणि माझ्या सहा कॉफ्यांचे तीस. टिप सोडून बाकीच्यावर अठरा टक्के सेवा आकार सुमारे साडेतेहतीस. एकूण पावणेपाचशे डॉलर, म्हणजे चाळीस हजार रुपयांच्या घरात. मी काही कर्जबाजारी झालो नाही. पण हे चाळीस हजार जाहिरातीत कुठेच नव्हते. आणि त्यात दादा-वहिनींनी चिवड्यावर काढलेल्या दीड दिवसाची रक्कम धरलेलीच नाही.

जहाजावर पैसे दिसत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. चढतानाच हातात एक कार्ड देतात. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र, तेच पाकीट. शंभराची नोट मोडताना हात जरा थबकतो. कार्ड टेकवताना थबकत नाही. खानावळीत महिन्याच्या शेवटी वही पाहून दचकणारे आमच्या पिढीतले लोक पुष्कळ आहेत. ही तीच वही आहे, फक्त ती आपल्याला दाखवत नाहीत. स्वागतकक्षात जाऊन मागितली, तर रोज दाखवतात. आम्ही मागितली नाही.

हे असे का, याचे उत्तर या कंपन्यांच्या ताळेबंदात मिळते. अमेरिकेतल्या मोठ्या क्रूझ कंपन्या आपले उत्पन्न दोन रकान्यांत मांडतात : एक तिकिटांचे, दुसरे जहाजावरील इतर विक्रीचे. हा दुसरा रकाना एकूण उत्पन्नाच्या जवळजवळ एक तृतीयांश असतो. त्यात दारू, जुगार, किनाऱ्यावरच्या सहली, दुकाने आणि ही खास उपाहारगृहे सगळे येते. आता दुसरी बाजू. खाद्यपदार्थांवरचा खर्चही तिथे वेगळा दिलेला असतो. २०२३ च्या आकड्यांना प्रवाशांच्या दिवसांनी भागले, तर उत्तर दर माणशी दर दिवशी पंधरा डॉलरच्या आसपास येते. म्हणजे त्या वर्षीच्या दराने सव्वाबाराशे रुपये. यात आचाऱ्यांचे पगार नाहीत, इंधन नाही, नुसता शिधा. डोंगराएवढा दिसणारा तो बुफे इतक्यात बसतो, कारण हजारो माणसांची खरेदी एकदम होते, आणि भात, पाव, बटाटे, पास्ता यांनीच बहुतेकांची पोटे भरतात. झिंगे आणि मांसाचे महागडे तुकडे मूठभरांच्या ताटात जातात. वरण-भात खाणारा मराठी माणूस त्या झिंगेवाल्याचा थोडासा खर्च आपल्या तिकिटातून उचलत असतो, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

तिकीट स्वस्त दाखवायचे आणि नफा आत गेल्यावर मिळवायचा, हे या धंद्याचे गणित आहे. त्यात बेकायदा काही नाही. आपल्याकडे चित्रपटगृहात तिकिटापेक्षा मक्याच्या लाह्या महाग असतातच. जहाजावर पैसे घेऊन वेगळे जेवू घालण्याची कल्पनासुद्धा शंभर वर्षांहून जुनी. १९०५ साली हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या 'अमेरिका' या जहाजावर रिट्झ-कार्लटनच्या नावाने असे उपाहारगृह निघाले होते. १९१२ च्या 'टायटॅनिक'वर पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी तसेच एक होते. ते लुइजी गाटी नावाचा इटालियन गृहस्थ ठेक्याने चालवी. तिथले वाढपी आणि आचारी जहाज कंपनीचे नोकर नव्हते, गाटीचे होते. बोट बुडाली, तेव्हा त्या साठाहून अधिक माणसांपैकी फक्त तिघे वाचले. खुद्द गाटीही गेला. ना धड प्रवासी, ना धड खलाशी, अशी ती माणसे. जादा पैसे घेणाऱ्या टेबलामागे उभा असलेला माणूस नेमका कुणाचा, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

तो प्रश्न आपल्याला परका नाही. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या बोटींवर भोजनगृहातले नोकर आणि स्वयंपाकी पिढ्यान्‌पिढ्या गोव्याचे असत. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास अजूनही गोव्यातल्या एकेका गावाचे 'कूड' आहेत. बोट मिळेपर्यंत गावचा तारवटी तिथे एका पेटीएवढ्या जागेत राहायचा, संध्याकाळी सगळे मिळून प्रार्थना करायचे. गोऱ्या खलाशाला मिळणाऱ्या पगाराचा लहानसा हिस्साच तेव्हा या माणसांच्या हाती पडे. आज गोव्यातली आणि सिंधुदुर्गातली मुले हॉटेल व्यवस्थापन शिकून क्रूझवर जातात. गावातल्या कित्येक घरांवरचे नवे छप्पर त्यांच्या डॉलरचे असते.

आम्हालाही असाच एक मुलगा भेटला. त्याच तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दादा-वहिनींना बखोट धरून मुख्य भोजनगृहात नेले. दादा पेला हातात घेऊन बसला, पण पाणी पिईना. वाढणाऱ्या मुलाने आमचे बोलणे ऐकले आणि एकदम मराठीत म्हणाला, "काका, पाणी घ्या. जगातलं पाणी आणि इथलं पाणी फुकटच." तो सावंतवाडीकडचा निघाला. वहिनींचे माहेर तिकडचे. मग काय विचारता! त्याने त्यांना दोन मिनिटांत सगळे शास्त्र सांगितले. "यादीत शेजारी आकडा असला तर पैसे, नसला तर नाही. एवढंच लक्षात ठेवा, काकी. आणि काही कळलं नाही तर विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत." वहिनींनी त्या रात्री तीन वेळा विचारले आणि दोनदा गोड खाल्ले.

त्याच्याकडून हळूहळू बाकीचेही कळले. आठ-नऊ महिन्यांचा करार, त्यात आठवड्याची सुट्टी नाही. सकाळचा नाश्ता वाढायचा, दुपारी बुफेवर उभे राहायचे, रात्री दोन पंगती. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार २००६ सालचा, तो २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने २०१५ मध्ये मान्य केला. विश्रांतीचे तास मोजून नियम पाळणाऱ्या जहाजांवर त्याप्रमाणे माणसाला दिवसाच्या चोवीस तासांत किमान दहा आणि आठवड्यात किमान सत्त्याहत्तर तास विश्रांती द्यावी लागते. नियम माणुसकीचा आहे. पण वजाबाकी करून पाहा : आठवड्याचे एकशे अडुसष्ट तास, त्यातून सत्त्याहत्तर गेले, उरले एक्क्याण्णव. त्या कराराच्या मर्यादेत राहूनसुद्धा माणसाकडून किती काम घेता येते, ते त्यावरून कळते. बरीच जहाजे बहामा, पनामा यांसारख्या देशांत नोंदवलेली असतात, त्यामुळे अमेरिकेतले किमान वेतनाचे कायदे त्यांना लागत नाहीत. वाढप्याच्या मिळकतीचा मोठा भाग टिपेवर उभा असतो.

पूर्वी जहाजावर आपल्याकडच्यासारखी पंगत असे. पहिली पंगत, दुसरी पंगत. सबंध प्रवासभर तेच टेबल आणि तोच वाढपी. शेवटच्या रात्री त्याच्या हाती पाकीट द्यायचे. २००० सालाच्या सुमारास वाटेल तेव्हा, वाटेल तिथे जेवण्याची पद्धत आली आणि पाकिटाची जागा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेने घेतली. आता ते पैसे एका सामायिक पेटीत जातात आणि तिथून वाटले जातात. आपण ज्याच्या हातचे जेवलो, त्याला किती मिळाले, हे आपल्याला कळत नाही. पगार द्यायची जबाबदारी मालकाची. ती त्याने टिप या गोड नावाने गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातली आहे.

एक गोष्ट मात्र त्या मुलाने हसत हसत सांगितली, ती मी विसरणार नाही. "काका, या बोटीवर खरोखर फुकट जेवणारे आम्हीच. तुम्ही पैसे भरून फुकट जेवता." आणि ते अक्षरशः खरे आहे. त्याच करारात, नोकरीच्या काळात खलाशांना जेवण विनामूल्य दिले पाहिजे, असे स्पष्ट कलम आहे. खालच्या मजल्यावर, जिथे प्रवाशांना मज्जाव असतो, तिथे त्यांची खानावळ असते. भात रोज असतो, डाळ बहुधा असते. तिथे कुणाला सही करावी लागत नाही.

बुफेबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण तिथे दोष आपला आहे. पैसे भरलेत ना, मग घ्या, या भावनेने आपली माणसे ताटे अशी भरतात, की गावच्या लग्नातल्या पंगतीत कुणी भरले असते तर यजमानीणबाईंनी तोंडावर विचारले असते. पाच प्रकारची गोडे घ्यायची, प्रत्येकाचा एक घास खायचा आणि उठायचे. त्याचे पुढे काय होते? सागरी प्रदूषणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे उरलेले अन्न पंचवीस मिलिमीटरच्या जाळीतून जाईल इतके दळून किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे, आणि न दळता बारा मैलांपलीकडे समुद्रात सोडता येते. काही संरक्षित समुद्रांत नियम याहून कडक आहेत. अन्न हे पूर्णब्रह्म असे म्हणणाऱ्या लोकांचे उष्टे असे माशांच्या पोटी जाते. दादाने चिवड्यावर दिवस काढले आणि शेजारच्या टेबलावरचे केक दळायला गेले. एका जहाजावर एकाच दुपारी या दोन्ही गोष्टी घडत होत्या.

हा सगळा प्रकार केवळ श्रीमंतांच्या चैनीचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कुणी म्हणेल. ते दिवस गेले. २०१८ मध्ये कान्होजी आंग्र्यांच्या नावाची 'आंग्रिया' मुंबई-गोवा सुरू झाली होती. ती पुढे बंद पडली. २०२१ पासून मुंबई बंदरातून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे क्रूझ निघू लागल्या. सिंगापूरच्या क्रूझा तर आपल्या सहल कंपन्यांच्या यादीत अष्टविनायकाच्या शेजारी छापलेल्या असतात. निवृत्तीनंतरची पुंजी मोडून, लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, मुलांच्या आग्रहाखातर माणसे जातात. २०२४ च्या जानेवारीत पहिल्या सफरीला निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' या जहाजावर सात हजारांहून अधिक प्रवासी मावतात आणि खाण्याच्या जागा वीसहून अधिक आहेत. जहाजे मोठी होत जाणार, जागा वाढत जाणार, आणि कुठल्या दारात तिकीट चालते आणि कुठल्या दारात पैसे पडतात, हा गोंधळही वाढत जाणार.

म्हणून मला दोन-तीन गोष्टी स्पष्ट म्हणायच्या आहेत. पहिली, आपल्या सहल कंपन्यांनी 'जेवणखाणासह' हे शब्द छापताना त्याच आकाराच्या अक्षरांत, रुपयांत, टिप आणि सेवा आकार धरून चौघांच्या कुटुंबाचा संभाव्य खर्च छापावा. टिप सक्तीची असेल, तर ती किमतीचाच भाग आहे. तिला वेगळे काढून भाव कमी दाखवणे हे वजनात मारण्यासारखे आहे. दुसरी, प्रत्येक उपाहारगृहाच्या दारावर, वाचता येईल अशा भाषेत, 'तिकिटात' किंवा 'जादा' एवढा एक शब्द लिहावा. त्याला काही खर्च येत नाही. तिसरी, वाढणाऱ्याचा पगार कंपनीने द्यावा आणि भाड्यात तो उघडपणे लावावा. तिकीट थोडे महाग होईल, होऊ दे. दादासारखा माणूस महाग तिकीट समजू शकतो. त्याला कळत नाही ते स्वस्त तिकीट.

आणि आपण काय करावे? निघण्यापूर्वी कागद वाचावेत, जे मी केले नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना पहिल्याच दिवशी हाताला धरून मुख्य भोजनगृह आणि बुफे दाखवावा आणि सांगावे, की हे आपले आहे, इथे हवे तेव्हा या. रोज रात्री स्वागतकक्षातून बिलाची प्रत घ्यावी. भुकेपुरते वाढून घ्यावे. बोट लागली असे कुणी म्हटले, तर आधी समुद्राकडे पाहावे. आणि टिपेबद्दल एक अप्रिय गोष्ट. काही जहाजांवर स्वागतकक्षात जाऊन सांगितले, तर ही आपोआप चढलेली टिप काढून टाकता येते. आमच्याच गटातल्या काही मंडळींनी शेवटच्या सकाळी तशी रांग लावली होती आणि वाचलेल्या डॉलरांचा हिशेब मोठ्याने चालला होता. पद्धत चुकीची आहे, हे मी वर म्हटलेच आहे. पण मालकाशी असलेले भांडण वाढप्याच्या खिशातून वसूल करणे हा काही न्याय नव्हे.

त्या रांगेजवळून जाताना मी दादाला सहज विचारले, "काढायची का आपली टिप? दोनशे छप्पन्न डॉलर आहेत."

पस्तीस डॉलरच्या भीतीने जो दीड दिवस चिवड्यावर राहिला, तो माणूस क्षणभर थांबला. मग म्हणाला, "अरे, वाहकाचा भत्ता कापल्यासारखं होईल ते. राहू दे." आणि वहिनींनी पिशवीतून उरलेल्या लाडवांचा डबा काढला. तो सावंतवाडीच्या मुलाला द्यायचा होता. त्याला घेता येईल की नाही, घेतला तर वरचे रागावतील का, हे वहिनींनी आधी दुसऱ्या एका वाढप्याला नीट विचारून घेतले.